चिकट राहिलेली बॅच

पट्टी निघाली आणि ती रडली नाही. तिचं कोपर मी डाव्या हातात धरलं होतं, उजव्या हाताच्या नखानं पट्टीचा कोपरा उचलला होता, एक-दोन म्हणून झालं होतं, आणि तीन म्हणायच्या आधी नेहमीसारखा माझाच श्वास मी कोंडून धरला होता. तीन म्हणायची वेळच आली नाही. पट्टी माझ्या बोटांत होती आणि चिमटी, माझी लेक, खिडकीतून समोरच्या गच्चीवर कोण चादर झटकतंय ते बघत होती. खरचटलेलं सुकत आलं होतं, कडेची कातडी जशीच्या तशी. तिला कळलंसुद्धा नव्हतं. मलाच जिना संपल्यावर आणखी एक पायरी आहे असं समजून पाऊल टाकल्यासारखं झालं. झालं ते एवढंच. दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी, ओट्याशी, अडीच वर्षांच्या एका मुलीच्या कोपरावरून एक पट्टी निघाली.

तीन दिवसांपूर्वी ती इमारतीच्या पायरीवर पडली होती. दवाखान्यातल्या नर्सनं ही पट्टी लावून दिली, म्हणाली, ही नवीन आलीय, लहान मुलांना बरी. मी तेव्हा नीट पाहिलं नव्हतं. माझ्या एका हातात तिचा बूट होता, दुसऱ्या हातात ती होती, आणि डोक्यात घरी टेबलावर अर्धवट टाकून आलेलं वाक्य होतं. आता मी पट्टीच्या पोटाकडे बोट नेलं. अंगठा टेकवला, सोडला. सुटताना किंचित ओढ, एखाद्याला निघायचं नसावं तशी, आणि मग बोटावर काहीच नाही. पुन्हा टेकवला, पुन्हा सोडला. चिमटी म्हणाली, "माझी पट्टी." मी हो म्हटलं. माझं बोट मात्र काहीतरी वेगळं म्हणत होतं. हे मी आधी हातात धरलेलं आहे, असं ते म्हणत होतं, आणि त्यानंतर मी साबणानं हात धुतले होते.

तिला झोपवताना ती पट्टी सोडेना. शेवटी पट्टीलाही झोप आलीय असं सांगून मी ती टेबलावरच्या दिव्याच्या बुडाला चिकटवली, तिथं ती बसली, आणि चिमटीनं डोळे मिटले. सासूबाई आतल्या खोलीत आडव्या झाल्या होत्या. पावणेदोन ते साडेतीन हा वेळ माझा. तसा तो कोणीच मला दिलेला नाही, मी तो रोज उचलते. टेबलावर शपथपत्राची बावीस पानं होती, बावीस मुद्दे, प्रत्येक मुद्द्याला स्वतंत्र पान, आणि शेवटच्या पानावर माझ्या नावाखाली सहीची मोकळी जागा. चार वाजेपर्यंत सही करून पाठवायचं होतं. गेले सहा आठवडे मी ते लिहीत होते. चांगलं लिहिलं होतं. मला लिहिता येतं, ही माझी अडचण आहे.

माझं काम सांगायला सोपं आहे. कोणी नवीन काही बनवलं की त्याला पेटंट मिळतं, म्हणजे काही वर्षं दुसऱ्या कोणी ते बनवायचं नाही. मग दुसरा कोणीतरी येऊन म्हणतो, यात नवीन काय आहे, हे तर कोणालाही सुचलं असतं, उघड होतं. उघड होतं की नव्हतं, यावर वर्षानुवर्षं भांडण चालतं. मी उघड होतं म्हणणाऱ्यांच्या बाजूनं लिहिते. म्हणजे वकीलबाईंसाठी लिहिते. त्या ज्या बाजूनं असतील तिकडून मी, आणि त्या बहुतेक वेळा या बाजूनं असतात. चिमटी व्हायच्या आधी मी एका कंपनीच्या लॅबमध्ये सिलिकॉनचं पॉलिमर करत होते. नंतर आठ तास घराबाहेर राहणं जमेना. वकीलबाईंनी घरबसल्या काम दिलं, आणि दोन वर्षांत एकदाही 'आज नाही जमणार' या माझ्या वाक्याला का असं विचारलं नाही. त्यांचा प्रत्येक फोन, प्रत्येक मेल एकाच प्रश्नानं सुरू होतो, झोपली का? चिमटीला त्यांनी पाहिलेलं नाही. पण ती किती वाजता झोपते हे तिच्या बापाला माहीत नाही इतकं त्यांना माहीत आहे.

या भांडणांच्या मधोमध एक माणूस उभा असतो. तो नसतो, पण असावा लागतो. कायदा त्याला त्या विषयातला सामान्य जाणकार म्हणतो. जगात छापलेलं सगळं त्यानं वाचलेलं असतं, तीस वर्षांपूर्वी कुठल्यातरी गल्लीतून निघून बंद पडलेलं मासिकसुद्धा, आणि त्यातलं सगळं त्याच्या लक्षात असतं. हातही चांगला चालतो त्याचा. फक्त त्याला आपणहून काही सुचत नाही, कारण सुचायला लागलं की तो सामान्य राहत नाही. त्याच्यापुढे दोन जुने कागद ठेवायचे आणि विचारायचं, काय रे, हे अधिक ते किती? तो दोन म्हणाला की उघड होतं. त्याला भूक लागत नाही, साहेब बोलत नाहीत, त्याच्या घरी कोणी दात येताना रात्रभर रडत नाही. दोन वर्षं दुपारी मी त्याच्याशी संसार करतेय. नवरा संध्याकाळी डबा धुवायला टाकताना विचारतो, आज तुझ्या त्याला काय काय उघड दिसलं? मी म्हणते, सगळं. मग बरा आहे की, नवरा म्हणतो, मला समोर ठेवलेलं मीठ दिसत नाही.

या वेळी त्याच्यापुढे ठेवलेले कागद असे होते. एक जुना, त्यात तारांचे सांधे बुजवायला, जमवणारं रसायन निम्मंच घालून केलेलं मऊ, अर्धवट जमलेलं सिलिकॉन वापरलं होतं. दुसरा त्याहून नवा, एका डॉक्टरचा लेख, की अकाली जन्मलेल्या बाळांची कातडी कागदाहून पातळ असते, तिला धरेल पण फाडणार नाही असं चिकट काही हवं. आणि समोरच्या बाजूला एक बाई होती. तिला मी पाहिलेलं नाही, तिचं म्हणणं तेवढं वाचलं आहे. तिनं सहा वर्षं खर्चून तशी पट्टी बनवली आणि तिचं पेटंट घेतलं. आमचं म्हणणं असं की सामान्य जाणकारानं पहिला कागद वाचला, दुसरा वाचला, पहिल्यातलं दुसऱ्यावर लावलं, संपलं. त्या बाईनं आपल्या उत्तरात एका ठिकाणी लिहिलं होतं, 'पहिल्यांदा ते चिकट राहिलं तेव्हा मी फेकूनच देणार होते. पण जेवायला उशीर होत होता, म्हणून झाकून ठेवलं.' वकीलबाईंनी या वाक्याखाली तांबडी रेघ मारून कडेला लिहिलं होतं, अपघात, शोध नव्हे. मुद्दा अकरा त्यावर होता. मी तोही चांगला लिहिला होता. जेवायला उशीर झाल्यामुळे कोणी शोधक ठरत नाही, असं माझं वाक्य होतं, आणि वकीलबाई फोनवर हसल्या होत्या.

मी दिव्याच्या बुडाची पट्टी पुन्हा काढली. बोटाला लावली. खिडकीतून येणारं ऊन टेबलाच्या कडेपर्यंत आलं होतं. आत सासूबाईंनी कूस बदलल्याचा आवाज आला.

लॅबमध्ये आमचे जे साहेब होते त्यांना आम्ही गंधकसाहेब म्हणायचो. सिलिकॉनच्या साखळ्या एकमेकींत सांधायला चिमूटभर प्लॅटिनम लागतं, आणि प्लॅटिनमला गंधक चालत नाही. गंधकाचा नुसता वारा लागला तरी ते रुसतं, आणि बॅच जमायची राहते, चिकट राहते. साध्या पिवळ्या रबरी हातमोज्यांत गंधक असतं. म्हणून आमच्याकडे निळे हातमोजे. पण घाईत कोणीतरी पिवळे चढवतोच. त्यामुळे या धंद्यात पाऊल ठेवल्याच्या दिवसापासून एक गोष्ट अंगात मुरते, बॅच चिकट राहिली की आधी हातमोजे बघायचे आणि बॅच टाकून द्यायची. गंधकसाहेब लांबूनच विचारायचे, "कुठले घातले होते?" आम्ही मागं त्यांची नक्कल करायचो. कोणाचं लग्न मोडलं, कोणाच्या गाडीचं चाक बसलं, की कोणीतरी म्हणायचं, हातमोजे कुठले होते?

त्या दिवशी माझ्या हातात निळे होते. सांधणाऱ्या रसायनाची बाटली मी उपडी केली, पण ती निम्म्या मापावरच संपली. नवी बाटली खालच्या मजल्यावरच्या कोठारात होती, तिथे चिठ्ठी भरायची, सही घ्यायची. मी वजनकाट्यावरचा आकडा बघत उभी राहिले. आणि मनात आलं, बघू तरी काय होतं. एवढंच. कुठला कागद वाचून नाही, कुठल्या बाळाच्या कातडीची काळजी म्हणून नाही. निम्म्या मापानं केलं, भट्टीत ठेवलं, दोन तासांनी बाहेर काढलं. चिकट. पण घाणेरडं चिकट नव्हे. बोट टेकवलं की धरायचं, उचललं की सोडायचं, मागं काही न ठेवता. मी तीन-चार वेळा बोट टेकवलं. बरं वाटत होतं. का ते मी स्वतःला विचारलं नाही. तेवढ्यात मागून प्रश्न आला, "कुठले घातले होते?" माझे हात तेव्हा उघडे होते, निळे मोजे टोपलीत पडले होते, आणि वर कोणाचेतरी पिवळे होते. निम्मं माप टाकलं हे सांगायचं म्हणजे कोठार, चिठ्ठी, आळस, सगळं निघालं असतं. मी म्हटलं, पिवळे असतील, सर. ते निघून गेले, म्हणजे त्यांचं समाधान झालं.

आमच्या वह्यांची एक रीत होती. दर पानाखाली आपली सही, तिच्याखाली दुसऱ्या कोणाची तरी, 'वाचले आणि समजले' असं लिहून. पान अर्धं राहिलं तर उरलेल्या जागेवर तिरपी रेघ मारायची, म्हणजे मागाहून कोणी त्यात काही घुसडू नये. मी वहीत माप पूर्ण लिहिलं. शेरा लिहिला, हातमोजे, टाकून दिले. खाली अर्ध्याहून जास्त पान कोरं होतं, त्यावर फूटपट्टी धरून रेघ मारली, सही केली. साहेबांनी लिहिलं, वाचले आणि समजले. मग मी नळाखाली हात धुतले, आणि बोटांवरून काहीच उतरलं नाही, कारण बोटांवर काही नव्हतंच. ते मला आठवतंय. आज बोटाला ते आठवेपर्यंत मला आठवत नव्हतं, हे कोणाला खरं वाटणार नाही. मलाही वाटत नाही. सहा आठवडे मी निम्म्या मापाबद्दल बावीस पानं लिहीत होते.

चिमटीच्या डाव्या गालावर मसुराच्या दाण्याएवढी चकाकती जागा आहे. चिमटी सातव्या महिन्यातच जन्मली. काचेच्या पेटीत होती, नाकातली नळी जागेवर राहावी म्हणून गालाला चिकटपट्टी. चिमटीएवढी आहे, असं सासूबाई काचेवर हात ठेवून म्हणाल्या, तेच नाव पडलं. नवव्या दिवशी पट्टी बदलताना तिच्याबरोबर कातडी आली. नर्स पोरसवदाच होती, तिचेच डोळे भरून आले, मलाच तिला असू दे म्हणावं लागलं. बाळ रडलं, पण आवाज नव्हता, तेवढी ताकद नव्हती त्यात. नुसतं तोंड उघडून मिटलं. तेव्हापासून मी कुठलीही पट्टी काढताना तीनपर्यंत मोजते. आता याचा त्या टाकून दिलेल्या बॅचशी काही संबंध जोडायचा नाही, असं मी स्वतःला टेबलाशी बसून बजावलं. मी टोपलीत टाकलं म्हणून जगाचं काही अडलं नव्हतं. ते ठेवलं असतं तरी मला त्याचं काही करता आलं नसतं. त्या बाईला सहा वर्षं लागली. मी काही एवढी मोठी नव्हे. पण मी लहानही किती होते, हे ठरवायची वेळ माझ्यावर येईल असं वाटलं नव्हतं. आणि बावीस पानांत ठरवायचं होतं तेच. त्या काळी या विषयात काम करणारी सामान्य जाणकार व्यक्ती काय करती. वकीलबाईंनी माझीच साक्ष घ्यायचं कारण हेच, की मी त्या काळी, त्याच कामात, आज त्यांची अशील असलेल्या त्याच कंपनीत होते. तो माणूस नसतो, असं मी नवऱ्याला सांगत आले. होता की. काट्यापुढे उभा होता, निळे मोजे घालून.

सासूबाई उठून बाहेर आल्या. चष्मा शोधत होत्या, उशीखाली, फ्रिजवर, चिमटीच्या खेळण्यांत. मी त्यांच्या डोक्याकडे बोट केलं. त्यांनी हात वर नेला, चष्मा खाली ओढला आणि म्हणाल्या, "काखेत कळसा. बोलायचं नाहीस का आधी?" म्हटलं, तुम्ही विचारलं नाहीत. त्या माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिल्या. काय झालंय, असं त्या कधी विचारत नाहीत, खुर्ची ओढून बसतात. बसल्या. मी थोडक्यात सांगितलं, त्यांना कळेल तेवढं, आणि त्यांना सगळंच कळलं. म्हणाल्या, म्हणजे ती म्हणते सुचायला कठीण होतं, तुम्ही म्हणता सोपं होतं, आणि तुझ्या हातात आलेलं तू फेकलंस. हो म्हटलं. "झाल्यावर सगळेच म्हणतात, त्यात काय एवढं," त्या म्हणाल्या. "माझ्या चार बाळंतपणांना लोक असंच म्हणायचे." मग चष्मा पुसत बसल्या. सही कर किंवा नको, काहीच म्हणाल्या नाहीत. काम गेलं तर दुपारी काय करशील, एवढंच म्हणाल्या, आणि ते टोचून नव्हतं, खरंच विचारलं होतं.

तीन वाजता मी वकीलबाईंना फोन केला. "झोपली का?" त्यांनी विचारलं. झोपलीय, म्हटलं, आणि सांगितलं. त्यांच्याकडे मागं कोणीतरी कागद रचत होतं.

"वहीत आहे हे?"

"नाही. वहीत मी पूर्ण माप लिहिलंय. हातमोज्यांवर ढकललं."

"मग ते झालंच नाही," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, दमलेला होता. छापलेलं नाही, लिहिलेलं नाही, साक्षीदार नाही. त्यांनी मला समजावलं, आणि त्या खोटं काही सांगत नव्हत्या. सामान्य जाणकाराला आठवणी नसतात, त्याच्यापुढे फक्त कागद असतात. माझ्या एका आळसाच्या दुपारवरून कायदा चालत नाही. शिवाय मी सही केली नाही तर उद्या एखादे प्राध्यापक करतील, त्यांना अर्धा दिवस पुरेल, माझीच बावीस पानं वाचून. हे मला माहीत होतं. माझ्या न करण्यानं कोणाचं काही अडणार नव्हतं, हेच त्यातलं दमवणारं होतं. मग त्या म्हणाल्या, "नसेल करायची तर नका करू सही. बरं नाही म्हणून सांगा, मुलगी आजारी आहे म्हणा. पुढचं काम मी पाठवत राहीन. फक्त हे जे मला आत्ता सांगितलंत ना, ते लिहून पाठवू नका. एकदा कागद झाला की मला तो फाइलला लावावा लागेल, आणि मग तो समोरच्यांना द्यायचा की नाही, हे मला ठरवावं लागेल. मला ते ठरवायला लावू नका."

बरं म्हटलं. फोन ठेवला. त्या वाईट नाहीत. मला वाट काढून दिली होती त्यांनी, चांगली रुंद वाट, तीवरून मी चालले असते तर कोणीच मागं वळून पाहिलं नसतं. मुलगी आजारी आहे. ती आतल्या खोलीत पालथी झोपली होती, एक पाय चादरीबाहेर. दोन वर्षांत मी हे कारण कधी खोटं वापरलं नव्हतं. त्या वेळेला मला फार राग यायला हवा होता, किंवा भीती वाटायला हवी होती. वाटलं ते एवढंच, की पुन्हा हातमोजे. पाच वर्षांपूर्वी पिवळे असतील सर, आणि आज हिला ताप असेल मॅडम. आणि कोणीतरी खाली लिहील, वाचले आणि समजले.

तीन वीसला मी बावीस पानं बाजूला ठेवली आणि तेविसावं घेतलं. मुद्दा तेवीस. लिहिलं की त्या काळी या विषयातली सामान्य जाणकार व्यक्ती मी होते. निम्म्या मापानं केलेली बॅच माझ्या हातात होती. मी बोट लावून पाहिलं होतं. माझे साहेब माझ्याहून जाणकार, त्यांनीही पाहिली. आम्हा दोघांनाही त्यात टाकून देण्यापलीकडे काही दिसलं नाही. माझे हातमोजे निळे होते. वहीतली नोंद खोटी आहे, ती मी केली. सहा ओळी झाल्या. माझं इतकं वाईट वाक्य बावीस पानांत एक नव्हतं. कर्ता कुठे, कर्म कुठे. पान बरंच मोकळं राहिलं. हात आपणहून फूटपट्टीकडे गेला, वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खालच्या उजव्यापर्यंत तिरपी रेघ मारली, खाली सही केली, तारीख घातली. इथं ती रीत नाही. तरी मारली. फोनवर फोटो काढला, तेवढं एकच पान, आणि पाठवून दिलं.

उत्तर यायला अकरा मिनिटं लागली. 'मिळालं. फाइलला लावलं. पुढचे कागद आता पाठवणार नाही.' मी ते दोनदा वाचलं. मग लक्षात आलं, सुरुवातीला झोपली का, नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं ते तेवढ्यासाठी, बाकी कशासाठी नाही. त्या आता काय ठरवणार आहेत, त्या बाईला ते पान कधी दिसणार आहे की नाही, मला कळायची काही सोय नव्हती. तीही कुठेतरी एखाद्या टेबलाशी बसली असेल, जेवायला उशीर करून.

साडेतीनची चिमटी पावणेचारला उठली. केस एका बाजूला उभे, गालावर उशीची घडी, आणि तिच्याखाली ती मसुराएवढी जागा. टेबलाशी आली, मांडीवर चढली, दिव्याचं बूड तपासलं. पट्टी उठलीय का, तिनं विचारलं. उठलीय म्हटलं. तिनं ती काढली, माझी बाही वर सारली आणि माझ्या कोपरावर लावली, तळहातानं दाबून दाबून. ती अजून चिकटत होती. मग तिनं माझं कोपर एका हातात धरलं, माझ्याकडे बघून चेहरा गंभीर केला, माझाच चेहरा असावा तो, आणि म्हणाली, "एक. दोन." श्वास कोंडून तिचे गाल फुगले. तीन तिला नीट येत नाही. पट्टी निघाली. मला काही कळलंसुद्धा नाही.

"दुखलं?" तिनं विचारलं. ओठांचा चंबू आधीच करून ठेवला होता, फुंकर घालायला.

दुखलं म्हटलं.